शिक्क्याची किंमत

लिलाव हा शब्द आमच्या जिल्ह्यात उच्चारला की प्रथम मोंढा डोळ्यांपुढे येतो. सोयाबीनचे ढीग, अडत्यांची लगबग, भाव पुकारणारा माणूस आणि आपल्याच मालाची बोली मुकाट्याने ऐकत बाजूला उभा असलेला शेतकरी. दुसरा लिलाव देवळातला. उत्सवाच्या अखेरीस देवापुढच्या नारळाची बोली लागते आणि वीस-तीस रुपयांचा नारळ कुणी हजाराला उचलतो, तेव्हा त्याला कुणी वेडा म्हणत नाही. ती किंमत मानाची आहे, हे सारा गाव जाणतो. तिसरा लिलाव जप्तीचा. तो पाहायला कुणी थांबू नये अशी घरच्यांची इच्छा असते आणि नेमकी तिथेच गर्दी होते. जुन्या, दुर्मिळ कॉमिक्सचा लिलाव या तिहींपैकी कोणत्या जातीचा, हा प्रश्न गेले वर्षभर आमच्या मनात आहे. त्याची तिन्ही उत्तरे थोडी थोडी खरी आहेत, असे आता वाटू लागले आहे.

आम्ही म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवणारे दोघे. दोघांनीही चाळिशी ओलांडलेली, दोघेही मराठीचे एम.ए.; एकाची नेमणूक कायम, तर दुसरीची अजूनही तासिका तत्त्वावर. हा शेवटचा तपशील मुद्दाम दिला, कारण बोली लावणाऱ्याच्या खिशाची हकीकत वगळून लिलावाविषयी प्रामाणिकपणे लिहिता येत नाही.

आमच्या पिढीच्या वाचनाचा आरंभ ज्या मजकुराने झाला, त्यात इंद्रजाल कॉमिक्सचा वाटा मोठा आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिल्या अंकात ली फॉकच्या फँटमची कथा होती आणि अंकाची किंमत होती ६० पैसे. पहिले ३२ अंक फँटमचेच निघाले. पुढे मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी हे इतर नायक आले आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर अवतरला. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ अशा अनेक भाषांतून ही मालिका निघत राहिली आणि सुमारे आठशे अंकांनंतर १९९० मध्ये थांबली. मुखपृष्ठांवरील रंगचित्रांत गोविंद ब्राह्मणिया यांचा कुंचला ओळखू येतो. आरंभीच्या काळात या कामाशी निगडित असलेले अनंत पै पुढे बाहेर पडले आणि त्यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा उभी केली. त्या मालिकेतील राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांच्या रेषेवर आमच्या मनातले कृष्ण आणि शिवाजी अजून उभे आहेत.

परंतु मराठीच्या अभ्यासकाला या इतिहासापेक्षा अधिक खुणावते ती एक भाषिक घटना. फँटमचे मराठीत वेताळ झाले. आफ्रिकेतल्या कल्पित अरण्यात, कवटीच्या गुहेत राहणाऱ्या मुखवटाधारी गोऱ्या नायकाला गावकुसाबाहेरच्या शेंदरी दगडाचे नाव मिळाले. ज्या वेताळाची पालखी अवसेच्या रात्री निघते असे आजी सांगत असे, जो चांदोबाच्या पानांत विक्रमराजाच्या पाठीवर बसून कोडी घाली, त्याच्याच नावाचा हा तिसरा वेताळ घोड्यावर बसून आला आणि आम्हा पोरांना त्यात काहीही विसंगत वाटले नाही. अनुवादमीमांसेच्या तासाला आपण स्वदेशीकरण, सांस्कृतिक रूपांतर अशा संज्ञा फळ्यावर लिहितो. त्यांचे इतके धाडसी आणि इतके लोकप्रिय उदाहरण दुसरे कोणते सांगावे? मूळ कथेतील ‘बंगाली’ हा देश बंगालशी गोंधळ नको म्हणून भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ झाला आणि ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. एवढ्या सावधपणे शब्द बदलणारी माणसे कोण होती? आमच्या हाती आलेल्या मराठी अंकांत अनुवादकाचे नाव कुठेही छापलेले नाही. ज्याचे गद्य हजारो मुलांनी अक्षरओळखीनंतर लगेच वाचले, तो लेखक आमच्या वाङ्मयेतिहासात अनामिक आहे.

हे अंक आमच्यापर्यंत नवे कोरे क्वचितच आले. आमची अक्षरओळख होईपर्यंत मालिका संपत आली होती. न्हाव्याच्या दुकानातील बाकावर, एस.टी. स्थानकातील पुस्तकांच्या गाड्यावर, सुटीत पंचवीस पैसे भाड्याने अंक देणाऱ्या किराणा दुकानात ते सापडत. कुठल्याशा वाचनालयाने सहा-सहा अंक एकत्र शिवून, कडा कापून, जाड पुठ्ठ्यात बांधलेले असत; कडा कापताना संवादांच्या फुग्यांची शेवटची अक्षरेही कापली जात आणि ती आम्ही अंदाजाने भरून घेत असू. संहितेतील गळालेली अक्षरे भरणे यालाच पाठचिकित्सा म्हणतात, हे एम.ए.ला आल्यावर कळले.

असे अंक दुर्मिळ होतात ते त्यांच्या हलक्या प्रतिष्ठेमुळे. जगभर हेच घडले. जून १९३८ या तारखेचा ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन प्रथम अवतरला, अमेरिकेत दहा सेंटला मिळत होता. लक्षावधी कॉमिक्स पोरांनी वाचून फाडली, आयांनी फेकली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रद्दीच्या मोहिमांत लगद्यात गेली. उरलेल्या मूठभर प्रतींपैकी एक २०१४ मध्ये ई-बेवरील लिलावात ३२ लक्ष डॉलरला गेली आणि दुसरी २०२४ मध्ये ६० लक्ष डॉलरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९३९ सालच्या ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकाने ९० लक्ष डॉलरचा टप्पा ओलांडला. ती प्रत कॅलिफोर्नियातील एका घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली एका खोक्यात सापडली होती. आईच्या निधनानंतर मुलांनी आवराआवर केली तेव्हा. सर्वांनीच जपले असते तर त्या कागदाला आज काहीच मोल नसते. म्हणजे लिलावातील प्रत्येक मोठा आकडा हा इतरांनी केलेल्या दुर्लक्षाची बेरीज असतो.

आपल्याकडील दुर्लक्षाला मात्र एक शास्त्रशुद्ध रूप होते. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला, अनुदान आले, गावोगावी वाचनालये उभी राहिली, हे मराठवाड्यासारख्या निजामी राजवटीतून १९४८ मध्ये बाहेर पडलेल्या प्रदेशात केवढे मोठे काम होते हे वेगळे सांगायला नको. पण ग्रंथालयाला जसे दाखल-नोंदीचे पुस्तक असते तसे निर्लेखनही असते. फाटलेले, जीर्ण, मागणी नसलेले पुस्तक नोंदवहीतून काढून रद्दीत घालण्याची ती रीतसर प्रक्रिया. त्यात पहिला क्रमांक कुणाचा लागे हे सांगायला नकोच. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा गेल्या, चांदोबा गेला, कॉमिक्स गेली. कादंबरीच्या प्रती मात्र न वाचल्या गेल्यामुळे सुस्थितीत राहिल्या आणि त्याच गुणावर कपाटात टिकल्या. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक याला सन्माननीय अपवाद. १९७१ पासूनचे त्याचे जुने अंक आज संगणकावर कुणालाही उघडून वाचता येतात. पण त्यामागे एक सरकारी संस्था उभी होती. वेताळमागे आमच्या विद्याशाखेतले कुणी उभे नव्हते. जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेत भरले, तेव्हा ग्रंथप्रदर्शनातून आम्ही पिशव्या भरभरून पुस्तके घरी आणली. वेताळचा अंक तिथे असण्याचे कारणच नव्हते.

ज्यांना कारण वाटले ते संग्राहक. ई-बेची भारतीय शाखा २०१८ मध्ये बंद होईपर्यंत तिथे जुन्या कॉमिक्सची उलाढाल होत असे. आता ती समाजमाध्यमांवरच्या बंदिस्त गटांतून चालते. रीत सोपी आहे. विक्रेता अंकाची छायाचित्रे टाकतो, सुरुवातीची किंमत, बोली किमान कितीने वाढवायची तो आकडा आणि लिलाव संपण्याची वेळ जाहीर करतो. बहुतेक रविवारी रात्री नऊ किंवा दहा. मग दिवसभर दोनचार आळसावलेल्या बोली लागतात आणि शेवटच्या तीन मिनिटांत खरी झुंज होते. म्हणून काही ठिकाणी असा नियम असतो, की अखेरच्या क्षणी बोली आली तर वेळ आणखी पाच मिनिटे वाढायची. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ हे शब्द गेले, पण त्यातील श्वास रोखण्याची जागा राहिली. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करतात. तिथे दोघांनाच आकडा कळतो. इथे आकडा सर्वांना दिसतो, माणूस मात्र रुमालाखाली असतो.

या व्यवहाराची स्वतःची भाषा आहे आणि ती शिकल्याशिवाय बोली लावू नये. पिना गंजल्या आहेत का, मधले पान सुटे आहे का, कसर लागली आहे का, मागील जाहिरातीवरचे कूपन कापले आहे का, कोडी पेनाने सोडवली आहेत का, प्रत बांधीव खंडातून सोडवलेली आहे का. क्रमांकांचेही शास्त्र आहे. इंद्रजालचे १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नाहीत, कारण त्या वेळी छापखान्यात संप होता. नवखा संग्राहक ते शोधत राहतो आणि जुने लोक हसतात. ४४३व्या अंकानंतर सलग क्रमांक बंद होऊन खंड आणि अंक अशी पद्धत आली. अमर चित्र कथेत कृष्णाचा अंक अकरावा असतो, कारण आधीचे दहा परदेशी परीकथांचे कन्नड अनुवाद होते. आमच्या विद्यार्थ्यांना सत्यकथेच्या अंकांविषयी एवढे बारकावे माहीत असते तर आम्ही धन्य झालो असतो. स्थितीला गुण देण्याची पद्धतही आहे. अमेरिकेत सीजीसी ही संस्था २००० सालापासून दहापैकी गुण देऊन अंक कडक पारदर्शक आवरणात बंद करते. ते आवरण फोडल्याखेरीज अंक वाचता येत नाही आणि फोडले की गुण जातात. ग्रंथाच्या मूल्याची न वाचण्याशी घातलेली इतकी स्पष्ट गाठ आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही.

ज्या अंकामुळे हा लेख लिहावासा वाटला तो गेल्या पावसाळ्यात एका गटावर आला. वेताळचा, मराठी, सत्तरच्या दशकातला. त्याच रात्री त्याच क्रमांकाची दुसरी, स्वच्छ प्रतही लिलावात होती. ती साडेसहा हजारांना गेली आणि आम्ही तिच्या वाटेला गेलो नाही. आमचे लक्ष होते ते ‘दोषयुक्त’ म्हणून टाकलेल्या प्रतीकडे. विक्रेत्याने दोष प्रामाणिकपणे नोंदवले होते: मुखपृष्ठाचा कोपरा गेलेला, पिना गंजलेल्या, आतल्या पानावर पेनाने नाव, आणि मुखपृष्ठावर वाचनालयाचा शिक्का. छायाचित्र मोठे करून पाहिले. जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का, घोड्याच्या पोटावर नेमका उमटलेला. वरच्या कमानीत ‘सार्वजनिक वाचनालय’ एवढे स्पष्ट होते. मधले गावाचे नाव शाई फुटून पसरले होते. खालच्या कमानीत मात्र अक्षरे लख्ख होती: ता. उमरगा, जि. उस्मानाबाद.

आमच्यापैकी एकीचे बालपण उमरगा तालुक्यातले. तिने ते छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “सर, हा अंक आपल्याकडेच यायला पाहिजे.”

दुसऱ्याने व्यवहार मांडला. “मॅडम, किती?”

हा प्रश्न गंमतीचा नव्हता. तासिका तत्त्वावरच्या मानधनाला महिन्याचा पगार म्हणत नाहीत; ते केव्हा जमा होईल हे सांगता येत नाही आणि सुटीच्या महिन्यांत ते नसतेच. विभागाच्या खर्चातून कॉमिक्स घेण्याचा प्रस्ताव कोणत्या रकान्यात लिहावा हेही सुचेना. दोघांनी मिळून दोन हजारांची मर्यादा ठरवली, निम्मे निम्मे. दोन हजारांत आमच्या वर्गातील एखाद्या मुलीचे सत्राचे पुस्तकांचे काम भागते, हा विचार दोघांच्याही मनात आला आणि दोघांनीही तो बोलून दाखवला. तो मनात ठेवून बोली लावण्यापेक्षा बोलून लावणे बरे.

सुरुवात तीनशेला होती. नऊला दहा मिनिटे असताना भाव साडेसातशेवर होता. मग दुसरा एक बोलीदार आला. गटावरच्या संवादावरून एवढे कळले होते, की त्याच्या मराठी संचात हा एकच क्रमांक उणा होता आणि स्वच्छ प्रत त्याला परवडली नव्हती. म्हणजे समोरचा माणूसही आमच्यासारखाच, खिसा चाचपून बसलेला. तो पन्नासने वाढवी, आम्ही पन्नासने वाढवू. साडेबाराशेला तो थांबला असे वाटले. वेळ संपायला चाळीस सेकंद असताना त्याने तेराशे केले. वेळ वाढली. चौदाशे, पंधराशे, सोळाशे. सतराशे पन्नास ही आमची बोली शेवटची ठरली. त्याने खाली हात जोडल्याची खूण टाकली. जिंकण्याचा आनंद असा झालाच नाही. त्याच्या संचातला तो एक रिकामा क्रमांक आमच्यामुळे रिकामाच राहिला, हे ओझे त्या खुणेबरोबर आमच्याकडे आले.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा दूरध्वनी आला. माणूस सज्जन. पत्ता लिहून घेतला आणि म्हणाला, “सर, तुम्ही पहिल्यांदाच घेताय म्हणून सांगतो. आपल्याकडे एकजण औषध लावून शिक्का काढून देतात. आतलं नावही जातं. शंभर-दोनशे जास्त लागतील, पण उद्या विकायचं म्हटलं तर दुप्पट येतील. काढून पाठवू का?”

एवढ्या मायेने विचारलेल्या प्रश्नाला आम्ही जवळजवळ ओरडून नकार दिला. अंक तसाच्या तसा पाठवावा, गंजलेली पीनसुद्धा बदलू नये, असे तीन वेळा सांगितले. त्यांना आमचे बोलणे विचित्र वाटले असणार. बाजारात शिक्का हा डाग असतो. त्याच्या नियमांत ते चूकही नव्हते.

आम्ही मात्र दुसऱ्या शाळेत शिकलो आहोत. जुन्या पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते. पोथी कुणी लिहिली, कोणत्या शकात, कोणत्या गावी, कुणाच्या वाचनासाठी, हे तिथे नोंदलेले असते. मूळ कवीशी तिचा संबंध नसतो, पण महानुभावांच्या पोथ्यांपासून पुढे कोणत्याही संहितेचा प्रवास शोधायचा तर अभ्यासक आधी पुष्पिका पाहतो. पुष्पिका खरवडून टाकलेली पोथी अधिक स्वच्छ झाली, असे कोणताही संशोधक म्हणणार नाही. हा जांभळा शिक्का म्हणजे या अंकाची पुष्पिका. मुंबईत छापलेला, अमेरिकी लेखकाचा, अनामिक मराठी अनुवादकाचा हा अंक उमरगा तालुक्यातील एका गावात वाचला गेला, एवढे एकच विधान त्यात आहे. या अंकाविषयी तेवढे एक विधान करणारा दुसरा कोणताही कागद आमच्या पाहण्यात नाही.

कोणत्या गावात? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून माणसे निजलेली असताना, भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि आसपासची गावे त्यात होती. पुढे वस्त्या नव्या जागी वसल्या, सिमेंटची घरे आली, आणि जुन्या गावठाणात बाभळी वाढल्या. १९९९ मध्ये लोहारा तालुका वेगळा झाला, त्यामुळे पूर्वीच्या उमरगा तालुक्यातील कितीतरी गावांचा तालुका बदलला. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. म्हणजे शिक्क्यावर जो भूगोल उमटला आहे तो आता कागदावरही शिल्लक नाही. हे वाचनालय भूकंपात गेलेल्या गावचे होते की उमरग्याजवळच्या एखाद्या धडधाकट गावचे, ज्याने रीतसर निर्लेखन करून अंक रद्दीत घातला? सोलापूर-हैदराबाद महामार्ग उमरग्यावरून जातो आणि विक्रेत्याला हा गठ्ठा हैदराबादच्या आबिड्समधील रविवारच्या जुन्या पुस्तकबाजारात मिळाला होता. तो ढिगाऱ्यातून वर आला की वजनकाट्यावरून उतरला, याचा निर्णय शिक्का देत नाही.

आमच्यातली जी त्या पहाटे अकरा वर्षांची होती, तिने शिक्क्यातल्या फुटलेल्या अक्षरांवर भिंग धरून एक संध्याकाळ घालवली. तिला त्यात आपल्या गावाचे पहिले अक्षर दिसते. दुसऱ्याला ते दिसत नाही. संशोधनाच्या शिस्तीने आम्ही नोंदवहीत ‘गाव: अवाच्य’ असे लिहिले आहे आणि तिचे म्हणणे तिच्यापाशी राहू दिले आहे. आतल्या पानावरचे नाव इथे देत नाही. ते कुण्या मुलाचे आहे, इयत्ता सहावी, तुकडी ब. तो आज असेल तर आमच्या वयाचा किंवा थोडा वडीलच असेल. असेल तर, एवढेच म्हणता येते.

संग्राहकांना नावे ठेवून हा लेख संपवणे सोपे होते, पण ते खरे झाले नसते. ज्या अंकांना आम्ही विद्यापीठीय मंडळींनी संहिता मानले नाही त्यांची यादी, क्रमांक, चित्रकार, बदललेली नावे ही सारी माहिती त्यांनी पदरमोड करून जमवली. किंमत लागते म्हणूनच रद्दीवाला आज गठ्ठा सोडून पाहतो. किंमत वस्तूला वाचवते आणि तीच किंमत तिला आवरणात कोंडते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. आमच्या जिल्ह्यात याचे मोठे उदाहरण आहे. तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर नगरीत, शेतात आणि पांढरीच्या मातीत सापडणारी मातीची खेळणी, मणी, मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी आयुष्यभर गोळा केली. लोकांच्या लेखी ती खापरे होती. त्यांच्या संग्रहातून आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे आणि आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांची सहल तिथे नेतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा पोराने खेळून टाकलेले मातीचे खेळणे काचेआड पाहताना मुले गंभीर होतात. त्यांच्याच आजोबांनी वाचून टाकलेला कागद मात्र अजून खापराच्या अवस्थेत आहे. लामतुऱ्यांच्या संग्रहाचे मोल केवळ वस्तूंत नाही. त्या तेरच्या आहेत, हे ठाऊक असण्यात आहे. ठिकाण पुसलेली वस्तू देखणी असते, पण ती कशाचाच पुरावा नसते.

म्हणून आम्ही आता बोली लावतो ती फक्त शिक्क्यांवर. चांगल्या प्रती आमच्या आवाक्याबाहेर आहेत आणि आम्हाला त्या नकोतही. शिक्का असलेली, नाव असलेली, भाड्याचा दर लिहिलेली, इतरांनी नाकारलेली प्रत मराठवाड्यातील असेल तर आम्ही मर्यादेत राहून घेतो; नाही परवडली तर विक्रेत्याला विनंती करून शिक्क्याचे छायाचित्र तेवढे मागतो. बहुतेक जण देतात. त्या रात्री थांबलेल्या बोलीदारालाही आम्ही नंतर लिहिले. त्याला त्याचा क्रमांक अद्याप मिळालेला नाही, परंतु आपल्या संग्रहातील शिक्क्यांची सात छायाचित्रे त्याने आपणहून पाठवली. त्यांत एक परंड्याचे आहे, एक कळंबचे. वहीत आजवर तेवीस नोंदी झाल्या आहेत: वाचनालय, गाव, तालुका, दाखल क्रमांक, अंकाचा क्रमांक, आणि दिसेल तिथे वाचकाचे हस्ताक्षर. एम.ए.च्या दोन विद्यार्थिनींनी संशोधन प्रकल्पासाठी याच वहीचा विषय घेतला असून त्या सध्या जिल्ह्यातील जुन्या ग्रंथपालांना भेटत आहेत. गावात छापील कथा कशा पोहोचल्या आणि कुणी वाचल्या, हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचाच भाग आहे, हे त्यांना पटवून द्यावे लागले नाही.

उमरग्याचा तो अंक विभागाच्या कपाटात साध्या कागदी पाकिटात आहे, आवरणात नाही. ज्याला वाचायचा असेल त्याने हात धुऊन यावे आणि वाचावा. तो आतापर्यंत अकरा जणांनी वाचला आहे. एकीने विचारले, “मॅडम, याच्यावर आपल्या विभागाचा शिक्का का नाही मारला?” या प्रश्नाचा आम्ही अजून विचार करत आहोत. दरम्यान वाचकांना एक विनंती. आपल्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, शाळेच्या अडगळीत असा एखादा अंक असेल तर विकण्यापूर्वी, किंवा रद्दीत घालण्यापूर्वीही, मुखपृष्ठावरचा शिक्का वाचून कुठेतरी लिहून ठेवावा. गावाचे नाव स्पष्ट उमटले असेल तर उत्तमच. नसेल तर जेवढे दिसते तेवढेच लिहावे.